मोटेची सोंड नावेला

नाव डाव्या कुशीवर कलली तेव्हा आम्ही वैनगंगेच्या मध्यात होतो. जाळं नुकतंच वर घेतलं होतं. फळ्यांवर घोटाभर पाणी साचलं होतं, ते सगळं एका बाजूला धावलं.

सोबत भासरे होते, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. नवरा पाय मोडून घरी खाटेवर. नाव आमचीच, जुनी, सिरोंच्याकडून घेतलेली. आमच्याकडचे डोंगे उघडे असतात. हिला वरून फळ्या ठोकलेल्या, खाली पोकळ पोट. वरचं पाणी जायला फळ्यांत चार भोकं, आणि प्रत्येकापासून पोटातून नावेच्या बाहेर निघणारा रबराचा पाइप. ते पाइप जुने होऊन तडकले, पाणी पोटात गळू लागलं. भासऱ्यांचा जन्म डोंग्यात गेला. भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच ठाऊक. त्यांनी चारही भोकांत चिंध्या आणि राळ ठासली. पोट कोरडं राहिलं, पाणी वर थांबलं.

भासऱ्यांशी थेट बोलायची रीत नव्हती. घरी मी नवऱ्याला सांगायची, ते ऐकायचे. नदीत नवरा कुठून आणू? मी नावेलाच म्हटलं, "माय, तुहे बोळे काढून राह्यली मी."

भासरेही नावेलाच म्हणाले, "पाणी पोटात जाईन तुह्या."

"जाऊ दे. वरचं पाणी तुले पालथी करते, पोटातलं उपसता तरी येते."

सुरीनं बोळे उपटले. नाव सावरली. भासऱ्यांनी मधली फळी उचलून पोटातलं पाणी उपसत, मी वल्हवत काठ गाठला.

काठावर ठेकेदार उभा. मासोळीचा ठेका त्याचा; कोणाचं जाळं कोणत्या डोहात, तोच ठरवायचा.

"बाई, शुक्रवारच्या बाजाराले तुमची मासोळी आली नाई, तं डोह दुसऱ्याले देतो."

"पाइप कुठी भेटते?"

"नागपूरले."

"नागपूर शुक्रवारपर्यंत इथी येते का?"

तो हसला. शुक्रवार काही सोडला नाही. तो डोह गेला असता तर घरात चूल पेटली नसती.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. दाराबाहेरून भासरे त्याला म्हणाले, "तिले विचार, मोटेची सोंड चालन का?"

विहिरीचं पाणी ओढायची मोट चामड्याची असते. तिच्या खालच्या लांब नळीला सोंड म्हणतात. पाण्यातच तिचा जन्म जातो. मला हे सुचलं नव्हतं.

मोटा शिवणारे सोमाभाऊ नाव बघायला आले. म्हणाले, "आजवर बैलासाठी शिवलं. आता मासोळीसाठी." हातातली कामं बाजूला ठेवून त्यांनी चार नळ्या शिवल्या, करंजीच्या तेलात मुरवल्या.

मी नावेच्या पोटात उताणी पडून जुने पाइप काढले, एकेक नळी दोन्ही टोकांच्या लाकडी तोंडांवर चढवली, तारेनं आवळली. नवऱ्याची खाट घाटावर आणली होती, नाहीतर आमचं बोलणं कोण पोचवणार? भासऱ्यांनी वरून बादल्या ओतल्या.

नवरा ओरडला, "भाऊ विचारून राह्यला, गळते का?"

मी सगळीकडे हात फिरवला. "सांगा, कोरडं आहे."

"माहा पाय मोडला म्हणून तुमचं जमलं," तो म्हणाला.

शुक्रवारी आमच्या टोपल्या बाजारात होत्या. डोह आमच्याकडेच राहिला. नाव मोडीत काढली तोवर त्या नळ्या टिकल्या.

भोक बुजवण्याआधी ते कोणी कशाला पाडलं, हे विचारावं. आणि ज्यानं चुकीचं बुजवलं, त्यालाही विचारावं. पुढचा उपाय त्याच्याकडेच असू शकतो.

सोमाभाऊंचे उपकार मी त्यांच्या तोंडावर मानले. भासऱ्यांचे नवऱ्याकडून कळवले. ते त्याला म्हणाले, "तिले सांग, नळ्यांले तेल द्याले विसरू नको."