एका साकवासाठी दोन अर्ज

मंडळी, आज सकाळी महाडच्या तहसील कचेरीबाहेर नेहमीसारखा अर्ज टाईप करत बसलो होतो. माणगाव तालुक्यातल्या एका वाडीतून पार्वतीकाकू आल्या. ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, हवा होता. गेल्या पावसाळ्यात शाळेला जाताना त्यांची नात त्या ओढ्यात वाहून जाता जाता वाचली.

"कुठल्या आमदारांच्या नावानं लिहू?" मी विचारलं.

"हद्द बदलल्यापासून वाडी महाडच्या मतदारसंघात हाय, ओढ्यापलीकडची शाळा दुसऱ्यात. हे आमदार म्हणतात त्यांना सांग, ते म्हणतात यांना."

मी दोघांच्या नावानं एकच मजकूर टाईप केला. काकूंनी दोन्ही अर्जांवर सावकाश सही केली.

"पोच घेतल्याशिवाय घरी जायची नाय," म्हणाल्या.

दुपारी महाडच्या आमदारांच्या कार्यालयातली पोच मला दाखवून त्या दुसरीसाठी एसटीत बसल्या.

तुमच्याकडे हद्दीवरची कामं कोण करतं?