शाल, श्रीफळ आणि पार्किंग लॉट

आमच्या अमेरिकेतल्या, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनच्या मराठी मंडळात पाहुणा आला की त्याचं भाषण होवो न होवो, सत्कार झालाच पाहिजे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, शाल, श्रीफळ, फोटो आणि फोटोत ज्यांचे डोळे मिटले त्यांच्यासाठी पुन्हा फोटो. हे सगळं पार पाडणारा सचिव म्हणजे माझा नवरा. घरी विचारलं, ‘भाजी कशी झालीय?’ तर उत्तर ‘हं.’ माईक हातात आला की मात्र ‘आजच्या या मंगल प्रसंगी’!

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरात एक बाई राहायला आली. रिटायर झालेली संगीताची शिक्षिका, ब्लॅक, माझ्याहून थोडी मोठी आणि बोलायला माझ्याइतकीच फटकळ. पहिल्याच आठवड्यात माझ्या गुलाबांकडे बघून म्हणाली, ‘यांना पाणी जास्त होतंय.’ मला राग आला, पण खरंच जास्त होत होतं. तेव्हापासून आम्ही दोघी रोज सकाळी चालायला जातो. माझा नवरा उन्हाळ्यात तिला बागेतले टोमॅटो नेऊन देतो. ‘तुझ्यापेक्षा तुझा नवरा गोड आहे,’ असं ती मला वरचेवर ऐकवायची.

तीच मला गावच्या लायब्ररीत घेऊन गेली. तिथे महिन्यातून एकदा वर्णभेदावर चर्चा असते. गोल खुर्च्या, मधे कॉफी, आणि माणसं इतकी सभ्य की एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसरा चकार शब्द काढत नाही. मला तर गुदमरायला झालं! आमच्याकडे चौघं एकदम बोलायला लागले की मग कुठे चर्चा सुरू झाली असं आम्ही धरतो. पण तिथे मी ऐकलं ते डोक्यातून जाईना. मुलगा ड्रायव्हिंग शिकला की आम्ही पेढे वाटतो; ब्लॅक आया मुलाला आधी शिकवतात, पोलिसाने गाडी थांबवली तर हात कुठे ठेवायचे.

मी मंडळाच्या मीटिंगमध्ये विषय काढला, की आपल्या पुढच्या कार्यक्रमाला हिला बोलवू या. ‘यार, आपला काय संबंध?’ एकजण म्हणाला, ‘आपण तर स्वतःच ब्राऊन.’

‘म्हणूनच!’ मी म्हटलं. दुसऱ्याने विचारलं, ‘नंतर खायला काय ठेवायचं?’ तेव्हा मला कळलं, ठराव पास झाला. नवऱ्याने तर ठरावाच्या बाजूने दोन्ही हात वर केले.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात चालता चालता मी तिला विचारलं, ‘बोलणार काय आहेस?’

‘इतिहास वगैरे काही नाही,’ ती म्हणाली. ‘एकच गोष्ट सांगणार. या गल्लीतली.’

गेल्या शरद ऋतूत तिचा मुलगा शिकागोहून पहिल्यांदाच तिच्या नव्या घरी आला होता. तिशीतला माणूस, हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. कोपऱ्यावर गाडी लावून, घरांचे नंबर वाचत चालत निघाला. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘हुडी घातलेला एक अनोळखी माणूस घरांत डोकावतोय, काळजी घ्या.’ आणखी कुणीतरी पोलिसांना फोन केला. आईच्या दारापासून चार पावलांवर त्याला हात वर करून उभं केलं, चौकशी केली, सोडून दिलं. तो आत आला, जेवला आणि त्यानंतर पुन्हा कधी आला नाही. तीच आता गाडी हाकत शिकागोला जाते.

‘त्या ग्रुपवर मी नाहीये, मेसेजचं मला पोलिसांकडून कळलं,’ ती म्हणाली. ‘कुणी लिहिलं मला माहीत नाही. नावही नको. गल्लीतले बरेच जण तुमच्या मंडळात आहेत, फक्त त्यांनी ऐकायला हवं. मला माझा मुलगा माझ्या घरी यायला हवाय, बास.’

तो मेसेज मी वाचला होता. तो माझ्या नवऱ्याने लिहिला होता.

घरी येऊन मी आकाशपाताळ एक केलं. तो आधी म्हणाला, ‘पोलिसांना मी बोलावलं नाही.’ मग म्हणाला, ‘मला काय माहीत तो तिचा मुलगा?’

‘कुणाचाच नसता तर चाललं असतं का?’ मी ओरडले. तो शेवटी म्हणाला, ‘मी सांगतो तिला. कार्यक्रम होऊ दे.’

कार्यक्रम रविवारी दुपारी, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या कॅफेटेरियात. ती झकास निळा ड्रेस घालून आली. आणि आमचे सचिव सुरू झाले. दीपप्रज्वलनाचं महत्त्व सांगितलं. शालीचं सांगितलं. श्रीफळाचं सांगताना तर ते थेट कोकणात पोचले. मंडळाच्या सर्व माजी अध्यक्षांना उभं केलं. मी पहिल्या रांगेतून डोळे वटारत होते, हातवारे करत होते, पण छे! एरवी मी म्हटलं असतं, सवयच आहे मेल्याला. पण त्या दिवशी त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. माणूस घाबरला होता. ती बोलायला उभी राहूच नये म्हणून तो बोलत होता.

ती माईकपाशी पोचली तेव्हा शाळेचा माणूस किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला. वेळ संपली होती. अंगावर शाल, हातात नारळ, अशी ती क्षणभर बघत राहिली आणि खळखळून हसली. ‘न केलेल्या भाषणासाठी इतका मान मला आयुष्यात मिळाला नव्हता,’ ती म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सगळे बाहेर पार्किंग लॉटमध्ये आलो. ‘चला, निघतो’ म्हणून पंधरा जणांनी निरोप घेतला आणि पंधराही जण तिथेच उभे. कुणी गाडीला टेकलंय, कुणी डबे बदलतंय.

‘हे लोक जात का नाहीत?’ तिने मला विचारलं.

‘हे आमचं जाणं आहे,’ मी म्हटलं. ‘तासभर चालतं.’

‘तासभर?’ तिचे डोळे चमकले. माझ्या गाडीची डिकी उघडी होती, तिच्या काठावर ती बसली. नागपूरच्या एक काकू, मुलाकडे राहायला आलेल्या, त्यांनी तिच्या हातातला नारळ घेतला, फुटपाथच्या कडेवर एका फटक्यात फोडला आणि खोबरं वाटायला सुरुवात केली. ‘आता बोल गं बाई,’ काकू चक्क मराठीत म्हणाल्या. तिला ते बरोबर कळलं.

आणि ती बोलली. गाडी कुठे लावली, नंबर कसे वाचले, हात कसे वर केले, सगळं. हळूहळू खोबरं चावणं थांबलं. आमचं मंडळ एकदम गप्प झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. काकूंनी सुनेकडून सगळं समजून घेतलं आणि विचारलं, ‘मग आता येतच नाही का तो पोरगा आईकडे?’

‘नाही,’ ती म्हणाली.

तेव्हा माझा नवरा पुढे आला. माईक नव्हता. ‘तो मेसेज मी लिहिला होता,’ तो म्हणाला. इतकंच.

‘कुणीतरी असणार हे माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘तू नसावास असं वाटत होतं. तू मला टोमॅटो आणून देतोस.’ तिने शाल काढून नीट घडी केली, माझ्या हातात दिली आणि निघून गेली. तिला आमच्यासारखं तासभर लागलं नाही.

पुढे बरेच दिवस मी एकटीच चालले. नवऱ्याने त्याच ग्रुपवर लिहिलं, ‘मी ज्याला संशयित म्हटलं तो आपल्या शेजारणीचा मुलगा होता. तो आईकडे आला होता. चूक माझी.’ काहींनी अंगठे पाठवले, एकाने वाद घातला, त्याच्याशी तो तीन दिवस भांडला. एका सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. ‘चल,’ ती बूट बांधत म्हणाली. ‘तुझे गुलाब पुन्हा मरायला टाकलेत.’ मला रडू आलं आणि हसूही.

उन्हाळ्यात तिचा मुलगा आला. कोपऱ्यावर गाडी दिसताच माझा नवरा चपला घालून धावला, माफी मागितली आणि म्हणाला, ‘चल, मी तुझ्याबरोबर दारापर्यंत येतो.’ मुलगा सज्जन होता. त्याने हात मिळवला. म्हणाला, ‘थँक्यू, अंकल. पण मला एकट्यानेच चालायचंय. माझ्या आईची गल्ली आहे ही.’

नवरा परत आला. खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला आणि खिडकीत बसला. बाहेर तो मुलगा अगदी सावकाश, एकेक नंबर वाचत चालला होता. आमच्या घरासमोर थांबून त्याने आमचाही वाचला.