नालीवाले साहेब

"हे जाते कुठी?"

कुठलंही पाणी वाहताना दिसलं की आमचे साहेब हेच विचारायचे. लग्नात पंगत उठली, लोक हात धुवायला गेले, की हे मोरीवर वाकलेले. न्हाव्याकडे बसले, तर साबणाच्या पाण्याचा माग काढत मागच्या गल्लीत. अर्धी दाढी तशीच. खोटं सांगत नाही. फार तर दाढी पाऊण झाली असेल.

माग लागला की पाण्यात बोट बुडवायचं, नाकाशी न्यायचं आणि डोळे मिटायचे. त्या नाकाचं काय सांगू तुम्हाला! शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नंदनवन वस्तीत कुणाची फोडणी करपली, तर रामदासपेठेतल्या आमच्या सरकारी ऑफिसात बसून ते सांगत, मोहरी जुनी होती.

ऐंशीनंतरची पहिली वर्षं ती. पर्यावरण हा शब्द तेव्हा नवा कोरा होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. वरून हुकूम आला की लष्कराच्या डेपोंना सांडपाण्याचं आणि कचऱ्याचं व्यवस्थापन शिकवा. ऑफिसात सगळ्यांनी माना खाली घातल्या. यांनी घातली नाही, म्हणून हे निघाले. माझ्याकडे स्कूटर होती आणि आवाज मोठा होता, म्हणून मी सोबत.

डेपो शहराबाहेर. ट्रक दुरुस्त करायचे, बॅटऱ्या भरायच्या. जळकं तेल आणि बॅटरीचं तेजाब नालीतून कुंपणाबाहेर जायचं. कुंपणापलीकडे नाला, नाल्याकाठी चार घरांची वस्ती, आणि वस्तीला एकच विहीर.

पहिल्या दिवशी हॉल सजवलेला, फळा पुसलेला, जवान ताठ बसलेले. मी खडू काढून दिला. यांनी तो खिशात टाकला.

"चला, बाहेर. नालीसंग चाला लागते."

सगळा वर्ग निघाला. पुढे हे, मागे मिशीवाले सुभेदार. त्या मिशीच्या दोन टोकांवर दोन पोपट आरामात बसले असते. ट्रक धुण्याच्या रॅम्पपासून नाली, नालीमागून कुंपण, कुंपणामागून नाला, आणि शेवटी ती विहीर.

तिथे एक म्हातारी पाणी काढत होती. सगळे तिला मावशी म्हणत. दारी आलेल्याला पाणी द्यायचं एवढं तिला ठाऊक. तिनं गिलास पुढे केला. यांनी वास घेतला.

"तेल आहे वं मावशी."

"हाय ना. वरचं बाजूले करतो न पितो. दुसरी विहीर कुठी हाय?"

हे तो गिलास प्याले. सगळा. परत येताना मी रागावलो. "काहून प्याले सर?"

"ती रोज पिऊन राहिली न बे. ज्या दिवशी वास जाईल त्या दिवशी सांगू तिले. तोवर येथं आलो की हेच पाणी."

शिकवणं साधं होतं. जळकं तेल ड्रमात साठवायचं. तेजाबाच्या खड्ड्यात चुना टाकायचा, म्हणजे त्याचा जोर मोडतो. दर कारखान्याला एक माणूस जबाबदार, आणि दर आठवड्याला त्यानं नाली शेवटपर्यंत चालायची. "एकदा साफ केलं न झालं, असं नाही," ते सांगत, आणि मी माझ्या हिंदीत ते गर्जून सांगे. "रायफल कशी रोज पाहता? तसं."

"जी, नालीवाले साहब!" सुभेदार म्हणत. नाव तिथूनच पडलं.

शेवटच्या दिवशी कर्नलसाहेब बघायला येणार होते. आम्ही फाटकातून आत शिरलो आणि माझे डोळेच दिपले. लष्करात मोठा साहेब येणार म्हटलं की जे हलत नाही त्याला चुना आणि गेरू लागतो. दगडांना लागला होता, झाडांना लागला होता. एक कुत्रं कुठे जरा निवांत उभं राहिलं असतं, तर तेही पट्टेदार झालं असतं. तेलाचे ड्रम रंगवून रांगेत उभे, चकाचक. सुभेदारांनी एकाचं झाकण उघडून दाखवलं.

"देखिए साहब. एक बूंद नहीं."

"तेल कुठं आहे?" यांनी विचारलं.

"कल ही सब बहा दिया, साहब. धोके साफ."

तेजाबाचा खड्डाही रिकामा, धुतलेला. आत टाकायचा चुना त्याच्या काठाला सुबक पट्ट्यांत लागला होता. त्या माणसांनी मन लावून, घाम गाळून आमची सगळी शिकवण कुंपणाबाहेर वाहवली होती, आणि आता ती शाबासकीची वाट पाहत होती.

हे ओरडले नाहीत. कर्नलसाहेब आले तसे हे त्यांना म्हणाले, "सर, जरासं चाला लागते."

विहिरीवर मावशीनं कर्नलसाहेबांनाही गिलास दिला. "घ्या साहेब, दुरून आले." पाण्यावर तवंग होता, मोरपिसासारखा. वरचं बाजूला करूनही खालचं काळं राहील इतका. सुभेदारांची मिशी, देवाशपथ सांगतो, खाली आली.

"सर, मैंने खाली करवाया," ते म्हणाले.

कर्नलसाहेबांनी गिलासात पाहिलं. गिलास रिकामा करायला त्यांनी हात वळवला आणि तो हात मधेच थांबला. इकडे विहीर, तिकडे नाला, पुढे मावशीचं अंगण.

"इसे कहाँ डालूँ?" त्यांनी विचारलं.

"हेच तर विचारून राहिलो, सर."

तो भरलेला गिलास हातात धरून कर्नलसाहेब डेपोपर्यंत चालत आले. थेंब सांडू दिला नाही. मागे आम्ही सगळे, मिरवणूक निघावी तसे, फक्त बँड तेवढा नाही.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीला पाण्याचा टँकर सुरू झाला. विहीर उपसली, ते पाणीही ड्रमात भरलं. सुभेदार स्वतः नाली चालू लागले, कुणी साहेब येणार नसतानाही.

पण जमीन तेल लवकर सोडत नाही. हे जातच राहिले, रिटायर झाल्यावरसुद्धा बसनं. बाकीच्यांना टँकरचं पाणी, यांना विहिरीचं. वास घ्यायचे, मान हलवायचे, "आहे अजून," म्हणायचे आणि प्यायचे.

मग पोटाचं दुखणं निघालं. त्या पाण्यानं की आणखी कशानं, डॉक्टरांना सांगता आलं नाही. मी गप्पांत राईचा डोंगर करणारा माणूस, पण या बाबतीत काही जोडून सांगणार नाही.

ते गेले. तेराव्याला त्यांच्या नंदनवनातल्या घरी सुभेदार आले, साध्या कपड्यांत. सोबत मावशी. पदराखाली विहिरीच्या पाण्याचा पितळी गडू.

"वास गेला वाटते," ती मला म्हणाली. "मले तरी येत नाही. पण माह्या नाकाचं काय खरं? साहेब असते तर सांगतलं असतं."

माझ्याइतक्या वेळा त्यांच्यासोबत त्या विहिरीवर कुणीच गेलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी गडू घेतला, बोट बुडवलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. मग दोन घोट प्यालो. साध्या ताकाला अमृत म्हणणारा मी. पण त्या पाण्याला चव नव्हती, वास नव्हता, काहीच नव्हतं.

"काहीच नाही येत, मावशी."

"मले काय सांगता गा? त्याईले सांगा."

मी उठलो आणि गडू साहेबांच्या हार घातलेल्या फोटोच्या नाकाशी धरला. खोलीत कुणी हसलं नाही.