झाकणाचा कप

“याला तोंड लावून प्यायचं? वेण्डाम मा,” म्हणजे ‘नको गं बाई’, असं म्हणून मामी डाळींच्या रॅककडे वळल्या. चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये वयस्क बायकांना सगळे मामीच म्हणतात. या कोण, मला ठाऊक नव्हतं. सकाळपासून हेच चाललं होतं. सुपरमार्केटमध्ये शनिवारची गर्दी, आणि मी टी-शर्ट घालून, कॉफीचा ट्रे धरून बुजगावण्यासारखी उभी.

माझं पद होतं प्रमोटर. सेल्समधली ही सगळ्यात खालची पायरी. येणाऱ्याजाणाऱ्याला नमुना चाखायला द्यायचा आणि पाकीट गळ्यात मारायचं. चाखणाऱ्यांपैकी किती जण विकत घेतात, त्याला कन्व्हर्जन म्हणतात. इथे मुळात चाखतच कोणी नव्हतं. या वीकेंडला इन्स्टंट कॉफी खपली तर एजन्सी मला पर्मनंट करणार होती. नाहीतर नाशिकला परत. तिकडे बाबांनी स्थळं बघायला सुरुवातही केली होती.

मामी बिलिंगकडे निघाल्या तेव्हा मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलंच, “मामी, कॉफीत काय चुकलं?”

“कॉफी दिसली तर सांगीन ना! वर झाकण, झाकणाला भोक. वास नाही, फेस नाही. ओठ लावले की उष्टं. डवरा-टंबलर कुठाय?”

टंबलर म्हणजे स्टीलचा काठवाला पेला, डवरा म्हणजे त्याखालची खोलगट वाटी. यातून त्यात ओतून कॉफी निववायची आणि ओठ न लावता वरून तोंडात सोडायची. आमच्या क्लायंटने, म्हणजे कॉफी कंपनीने, मुंबईहून झाकणाचे कप पाठवले होते. त्यांच्यावर लोगो झकास दिसायचा.

“माझ्याकडे नाहीत,” मी म्हटलं, आणि डोळे भरून आले.

“रडतेस कशाला? माझं घर मागच्याच गल्लीत आहे.”

थोड्या वेळाने मामी पिशवीभर टंबलर घेऊन हजर! पदर खोचून माझ्या शेजारी उभ्याच राहिल्या. उंचावरून कॉफी ओतली, फेस आला, वास पार साबणांच्या रॅकपर्यंत गेला. लोक वळले. मी पेले विसळत होते, मामी ओतत होत्या. “कशी आहे?” असं कोणी विचारलं की त्या खरं तेच सांगत. “फिल्टर कॉफीची सर नाही. पण गाळून ठेवलेलं डिकॉक्शन संपलं आणि पाहुणे दारात आले, तर अब्रू वाचेल.” इतकी चांगली जाहिरात मला आजवर सुचलेली नाही. संध्याकाळी रॅक रिकामा झाला.

तेवढ्यात नुंगंबाक्कमच्या ऑफिसमधून माझे बॉस, मोहन सर, आले.

“आपले कप कुठे?”

“सर, सगळा स्टॉक संपला!”

“ते ठीक. पण क्लायंटला फोटो काय पाठवू? लोगो कुठेच दिसत नाही. लग्नाची पंगत वाटतेय ही!”

शेवटी सरांनी मामींच्याच हातात झाकणाचा कप दिला. “स्माइल, मामी!” कप रिकामा होता, पावडर कधीच संपली होती. मामींनी आधी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि केवळ माझ्यासाठी हसल्या.

सोमवारी क्लायंटचा मेल आला. कपाचं डिझाइन चेन्नईच्या ग्राहकांना फारच भावलेलं दिसतंय, आणखी कप पाठवत आहोत. मी पर्मनंट झाले.

आज माझं ऑफिस शोळिंगनल्लूरला आहे आणि हाताखाली बरेच प्रमोटर. मामी मुलाकडे परदेशी गेल्या, त्यालाही काळ लोटला. त्यांच्या शेजारी पेले विसळत काढलेला तो दिवस मला अजून हवाहवासा वाटतो; नंतरच्या कुठल्याच नोकरीत तेवढी मजा आली नाही. रोज मोबाइलवर दुकानांतले फोटो येतात. हसरे चेहरे, लोगो अगदी समोर. असे फोटो फारच छान आले, की मी आधी त्या दुकानाचा सेल तपासते. माल खरोखर खपत असतो, तेव्हा फोटो काढायला कोणाचा हात मोकळा नसतो.