पाठीवरचा डबा

आमच्या फ्रिजवर गेल्या हिवाळ्यात मुलीनं एक कागद चिकटवला. मालवणच्या किनाऱ्यावरच्या स्कूबाच्या तीन जागा, आणि कुठली जागा कोणासाठी. पहिली किल्ल्याच्या आडोशाला: पाणी शांत, दोन पुरुष खोल, पोहता येत नसलं तरी चालतं. दुसरी पुढच्या खडकांपाशी: खोली दुप्पट, पाण्याला ओढ, पोहता आलंच पाहिजे. तिसरी बोटीनं तासभर आत, फक्त सर्टिफिकेटवाल्यांसाठी. आईसाठी तिनं चौथी जागाही काढली होती: वाळू, खुर्ची, शहाळं.

पहिल्या जागेपुढं तिनं स्वतःला लिहिलं होतं आणि दुसरीपुढं 'पप्पा'.

"मला तिसरी का नाही?" मी विचारलं.

"सर्टिफिकेट कुठंय तुमच्याकडे?"

"हां, तेवढंच राहिलं," असं म्हणून मी दुधाची पिशवी आत ठेवली.

माणसानं थापा माराव्यात तरी किती! मला पोहता येत नाही.

आमचं गाव खालापूरच्या बाजूला. भाताच्या खाचरांच्या कडेला आमची विहीर, आणि उन्हाळ्यात घरातल्या सगळ्या पोरांना तिथं पोहायला शिकवायचे ते माझे काका. पद्धत सोपी होती. पत्र्याचा रिकामा डबा, तोंड डांबरानं बंद केलेला, दोरीनं पाठीला बांधायचा आणि पोराला पाण्यात ढकलून द्यायचं. डबा बुडू देत नाही, पोर हातपाय मारतं, आणि आठ-दहा दिवसांत काका दोरी सोडतात. माझी चुलत भावंडं बघता बघता सुटली. मी दोन उन्हाळे डब्यासकट तरंगत होतो. काका रोज विचारायचे, "सोडू का रं आता?" आणि मी दोन्ही हातांनी दोरी धरून बोंबलायचो, "नको काका, उद्या!" शेवटी ते वैतागले. म्हणाले, "तुजा डबा काय सुटायचा नाय. लग्नालाबी डबा बांधूनच उभा ऱ्हा." सगळी पोरं हसली. त्यानंतर मी त्या विहिरीकडे फिरकलो नाही.

ही गोष्ट मी मुलीला अशी सांगितली नाही. ती लहानपणी पाण्याला फार भ्यायची. मोहोपाड्याला कंपनीच्या कॉलनीत राहतो आम्ही, तिथल्या पोहण्याच्या तलावाच्या शिडीला ती घोरपडीसारखी चिकटून बसायची. तिला धीर यावा म्हणून मी सांगायचो, की तुझ्या बापानं वरच्या काठावरून उडी मारून विहिरीच्या तळाची माती मुठीत वर आणली होती. ती डोळे मोठे करून ऐकायची. असा श्रोता मिळाल्यावर कोण थांबतो? मुलगी चौथीत जाईपर्यंत विहीर सहा पुरुष खोल झाली होती. खरी तीन पुरुष आहे, आणि मे महिन्यात दीड.

यातला खरा विनोद म्हणजे माझी नोकरी. रसायनीच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. दर सोमवारी कामगारांना गोळा करून सांगतो, "एखादं काम येत नसेल तर सरळ येत नाही म्हणा. व्हॉल्व्हला तुमची मर्दुमकी कळत नाही." हे वाक्य माझंच आहे आणि मला ते फार आवडतं.

मालवणला जायच्या आधीच्या रविवारी कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये सराव होता. शिकवणारा मालवणकडचाच, तिशीतला, अदबशीर. तिथल्या पोहण्याच्या टाकीतलं पाणी छातीपासून सुरू होऊन पलीकडे खोल होत गेलेलं. बायको फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे काठावरच्या खुर्चीत बसली होती.

"काका, सिलिंडर नंतर लावू. आधी नुसतं पोहून पलीकडे जाऊन या," तो मला म्हणाला.

मी खांदा धरला. पोहता येतं, पण आज खांदा दुखतोय, म्हणालो. तो बिचारा लगेच मानला. "मग आज नको. तुम्हाला येतंय म्हणता ना, तसं फॉर्मवर लिहा. बाकी तिकडे समुद्रात उतरताना बघू."

सुटलो! फॉर्मवर 'पोहता येते' समोर मी खूण केली आणि सही ठोकली. सुटल्याच्या आनंदात खांदाही हलवून पाहिला.

मुलीनं तोवर टाकीची एक फेरी धापा टाकत पूर्ण केली होती. ती काठाशी आली आणि त्याला म्हणाली, "मला पण दुसरी जागाच द्या. मला एवढं चांगलं नाही येत, पण पप्पा आहेत ना बरोबर. काही झालं तर ते धरतील."

खडकांपाशी पाण्याची ओढ, ही घाबरलेली, आणि हिला धरायला मी. मी!

"तिला पहिलीच द्या," मी म्हणालो. "आणि मलाही. मला पोहता येत नाही."

"खांद्यामुळं ना?" मुलगी म्हणाली.

"नाही गं. कधीच येत नव्हतं."

मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डबा, दोरी, दोन उन्हाळे, काकांचं बोलणं. खुर्चीतून बायको म्हणाली, "अहो, मग लग्नाआधी मला सांगितलेली ती विहीर कुणाची?" शिकवणाऱ्यानं हसू लपवायला मास्क पुसायला घेतला.

मुलगी मात्र हसली नाही. कडा धरून पाण्यातच उभी राहिली.

"पप्पा," ती म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटायचं, आपल्या घरात पाण्याला घाबरणारी मी एकटीच आहे."

तिला धीर द्यायला निघालो होतो मी, आणि तिला एकटीला शिडीवर ठेवून स्वतः काठावर शूर होऊन बसलो होतो. लाज वाटली. सोमवारच्या त्या वाक्याची तर फारच. मी फॉर्म परत मागितला, खूण खोडली आणि बाजूला नवी सही केली.

मग मी छातीएवढ्या पाण्यात उतरलो. शिकवणाऱ्यानं पाठीवर सिलिंडर चढवलं, त्याचे पट्टे मुलीनं पुढून आवळले. पुन्हा पाठीला डबा, आणि हा तर बुडवणारा. तोंडात नळी घेण्याआधी मी तिचं मनगट घट्ट धरलं, तिनं माझं.

"सोडू का हात?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला पण भीती वाटतेय."