शैलाकाकूचं प्रमाण

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आत्ता माझ्याकडे बघत नाही आहात. समोर बसला असतात तर मी पुन्हा तीच टेप लावली असती – नोकरी सांभाळून रविवारी कोड लिहायचो, कुणापुढे हात पसरला नाही, लालबागच्या चाळीतला मुलगा वगैरे. कॉलेजांत बोलावतात, मी जातो, वाजवतो. हल्ली वाजवताना स्वतःच्याच आवाजाची शिसारी येते.

त्यात खोटं काहीच नाही. फक्त एक शैलाकाकू नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा मसाला डंकावर कुटून आणतात. मिरच्या, धणे, खडा मसाला घरचा न्यायचा आणि कुटून होईपर्यंत तिथेच उभं राहायचं – दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. बेडगी किती, लवंगी किती, दगडफूल किती, हे सासू सुनेला सांगते, तेही सून जरा मुरल्यावर. आमच्या डंकवाल्या अण्णांना मात्र निम्म्या लालबागचं प्रमाण तोंडपाठ. आजारपणानंतर ते विसरायला लागले, तेव्हा मी त्यांच्यासाठी गंमत म्हणून एक ॲप करून दिलं. घराचं नाव टाकलं की त्या घराचं प्रमाण समोर. मार्च आला की गिऱ्हाइकांना आपोआप मेसेज – यंदाही तेवढंच का?

ते चाललं. परळ, नायगाव, दादर, गिरगाव – एका डंकवाल्याचं बघून दुसरा मागायला लागला. त्यांच्या वर्गणीवर माझा खर्च निघायला लागला तशी मी नोकरी सोडली. कर्ज नाही, भागीदार नाही. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक होतं.

शैलाकाकू आमच्याच मजल्यावरची, शेवटच्या खोलीतली. नवरा लवकर गेला. घरून मसाला विकून तिने मुलीला वाढवलं, शिकवलं. तिचा मसाला घातला की कालवण ओळखू यायचं. काय होतं त्यात? ते मी इथे लिहिणार नाही – बघा, आता कसा सोवळं नेसून बसलोय. काकूने प्रमाण फक्त अण्णांना सांगितलेलं. कॉम्प्युटरमध्ये घालायला ती तयार नव्हती. मग मी तिच्या दारात बसून, तिच्या हातचा चहा पीत म्हणालो, काकू, अण्णा आणि तू, तिसऱ्याला दिसणार नाही. तिने देवाकडे बघितलं आणि सांगितलं.

पुढे पाकीटबंद मसाले विकणारी एक कंपनी माझा धंदा विकत घ्यायला आली. मला वाटलं, सॉफ्टवेअर आवडलं. दुसऱ्याच भेटीत त्यांनी विचारलं, ही सगळी प्रमाणं बाहेर काढता येतात का? मला तेव्हाच कळलं. हे 'तेव्हाच' महत्त्वाचं आहे, कारण नंतर मी स्वतःला सांगत आलो की उशिरा कळलं. नाही. तेव्हाच कळलं, आणि मी म्हणालो, येतात. लोकांची नावं पुसून देऊ, म्हणालो – म्हणजे जणू मी कुणाचं रक्षणच करत होतो.

मग त्यांनी विचारलं, यातलं चांगलं कुठलं? तेवढं तरी मला टाळता आलं असतं ना? म्हणालो असतो, माहीत नाही. पण मी पुढच्या भेटीला काकूच्या मसाल्याची बरणी घेऊन गेलो. स्वतःहून. झाकण उघडल्यावर त्यांचे चेहरे बघून मला अभिमान वाटला – बरणी जणू माझ्या आईने भरली होती.

सौदा झाला. मंडळाने माझा सत्कार केला, शाल, श्रीफळ, आपला मुलगा धंद्यात पुढे गेला म्हणून भाषणं. काकू पुढच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती.

वर्षभरात ते पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात आलं. काकूची गिऱ्हाइकं एकेक करून कमी झाली. कोण कशाला चाळीचे जिने चढेल? एक दिवस ती पाकीट घेऊन माझ्या नव्या फ्लॅटवर आली. आवाज चढवला नाही. पाकीट फोडून माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाली, "हा माझा आहे. कसा गेला रे?"

अजूनही वेळ होती. मी म्हणालो, "अण्णांना हल्ली भान राहत नाही, काकू. कुणीतरी गोड बोलून काढून घेतलं असेल."

तिने लगेच विश्वास ठेवला. माझ्यावर ठेवायची सवयच होती तिला. सगळा जन्म ती ज्या डंकावर गेली, तिथे पाय ठेवायचा नाही, असं तिने ठरवलं, आणि का, ते चाळीत सगळ्यांना सांगितलं. बाकीच्या बायकाही मग अण्णांपुढे प्रमाण बोलेनाशा झाल्या.

अण्णांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, चिडतील, ॲपवर संशय घेतील. मी उत्तरं तयार करून गेलो होतो. ते गल्ल्यामागे बसले होते, मिशीवर मिरचीची पूड. हळूच विचारलं, "मीच खंय बोललंय काय रे? माका आठवणा नाय."

त्या माणसाला स्वतःवर संशय आला होता. माझ्यावर नाही. 'नाही अण्णा' एवढंच म्हणायचं होतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "असेल, अण्णा."

बायकोलाही सांगितलं नाही ते हे. प्रमाण विकलं ते नव्हे – ते लोभाने केलं, लोभ सगळ्यांना कळतो. हे मी प्रेमळ आवाजात केलं. हात थोपटत केलं. त्या आवाजाची मला इतकी किळस येते की मुलाला झोपवताना तो लागला तर मी मध्येच गप्प होतो.

अण्णांनी डंक बंद केला. कुणी भेटायला आलं की ते उठून आत जाऊन बसतात. सून सांगते, तोंडातून काही जाईल म्हणून घाबरतात.

काकू आता थोडासाच मसाला करते, घरी मिक्सरवर. यंदाही तिने माझ्यासाठी बरणी पाठवली. मुलीकडून निरोप होता – प्रमाण माहीत असलेला विश्वासाचा माणूस आता तूच.

काल बायकोने त्याचं कालवण केलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.