फळीवरचा बिल्ला

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या ताईचे. सातवीनंतर शाळा सोडून ती मिठागरावर गेली, म्हणून मी इंजिनीअर झालो; आमच्या घरातला पहिला पदवीधर. आमचे काका विहीर खणताना दरडीखाली सापडून गेले होते. मी अमेरिकेला निघताना ताईने माझ्याकडून एकच वचन घेतलं, जमिनीखाली उतरायचं नाही.

आणि मला नोकरी लागली मिशिगनमध्ये, शहराखालच्या मिठाच्या खाणीत. खाली हवा खेळवणारे पंखे सांभाळायचे. ताईला मी सांगितलं, ऑफिसात बसतो.

ही खाण शंभरेक वर्षांची. मीठ काढताना छत पेलायला मिठाचेच खांब मागे ठेवतात. पहिल्या कामगारांनी ठेवलेले खांब अजून वरचे रस्ते आणि घरं पेलून उभे आहेत. यंत्रं सुटी करून उतरवतात, खाली जोडतात. मोडली की तिथेच राहतात. जुन्या दालनांत, कोरड्या हवेमुळे गंजही न चढलेले यंत्रांचे सांगाडे पाहत मी बराच वेळ उभा राहायचो.

खाली जाताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला फळीवर ‘खाली’च्या खिळ्याला लावायचा, वर आल्यावर काढायचा. एका सकाळी ताईच्या फोनची वेळ झाली म्हणून मी घाईने वर आलो, गाडीत बसून तिच्याशी बोललो. बिल्ला तसाच राहिला.

सुरुंग उडवण्याआधी फळी पाहतात. माझा बिल्ला ‘खाली’ दिसला, सुरुंग थांबले. चार माणसं मला जुन्या दालनांत शोधत फिरली. मी परत आलो तेव्हा आमचे म्हातारे मुकादम वर येत होते.

“तुला हाका मारून घसा खारट झाला रे! होतास कुठे?”

“बहिणीचा फोन होता. सॉरी.”

“खाणीत आहे, नंतर बोलू, असं सांगायचं तिला.”

“तिला माहीत नाही मी खाली उतरतो.”

ते थांबले. “अपघात झाला तर कळवायला तू कोणाचा नंबर दिलायस?”

“तिचाच.”

“वा! म्हणजे तू खाली उतरत होतास हे तिला तेव्हा मी सांगायचं?”

त्याच संध्याकाळी मी लिहिलं:

‘ताई,

पत्र पाहून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर खोटं बोलायची सवय लागली, म्हणून लिहितोय. मी ऑफिसात बसत नाही. दोन वर्षं मिठाच्या खाणीत उतरतोय. तुला दिलेलं वचन मी पहिल्याच महिन्यात मोडलं. काम सोडतो असं लिहायला बसलो होतो, पण तेही खोटं ठरेल. मला हे काम आवडतं. इथे काय काय काळजी घेतात ते सगळं सांगेन, तू विचारशील ते सांगेन. पत्र पोचलं की येणाऱ्या रविवारी फोन करतो. रागावलीस तरी उचल.’